डाळिंबी पंख

"अगंबाई, कागदच आहे की हा!" खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आणि त्यांचं बोट माझ्या विमानाच्या उजव्या पंखातून आरपार गेलं. आवाज काही मोठा झाला नाही. नुसतं टप्प. जिन्याच्या वळणावर आम्ही समोरासमोर उभ्या होतो. मी विमान दोन्ही हातांवर आडवं घेऊन उतरत होते आणि त्या भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. खरं तर विमान खोक्यातून न्यायचं असतं. खोकं माझ्या काखेत होतंही. पण सकाळची उन्हं जिन्याच्या खिडकीतून येत होती, पंखातून लाल उजेड भिंतीवर पडत होता, आणि कुणीतरी बघावं असं मला वाटत होतं. बघितलं कुणीतरी. काकूंनी बोट मागे घेऊन तोंडाला हात लावला. "दादांना माझं नाव सांगू नकोस हं. त्यांचंच ना विमान? यंदा रंगीत केलेलं दिसतंय त्यांनी." भोकाचा राग यायला हवा होता. भोक बुजवता येतं. मला राग आला तो 'त्यांचंच ना' याचा, आणि तो एवढा अचानक आला की मी कठड्याला टेकून उभी राहिले. "माझं आहे," मी म्हटलं. "मीच बांधलंय, मीच मढवलंय." काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "हो का? हौस बाई तुझी," असं म्हणून त्या वर निघून गेल्या.

मी परत वर आले, कुलूप काढलं आणि विमान टेबलावर ठेवलं. हौस. हा शब्द मला आयुष्यभर पुरला आहे. दादाचं ते विमान आणि माझी ती हौस. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. श्वास धरा, सोडा, एवढी दोन वाक्यं मी दिवसभर बोलते, म्हणून वॉर्डबॉय मला मागे 'धरा-सोडा बाई' म्हणतात आणि मला ते माहीत नाही असं समजतात. तिथे कुणी माझ्या कामाला हौस म्हणत नाही. माझी फिल्म हलत नाही, पुसट येत नाही, दुसऱ्यांदा काढावी लागत नाही, आणि याचा मला गर्व आहे. अभिमान म्हटलं की लोकांना बरं वाटतं म्हणून काही जण अभिमान म्हणतात. मी गर्वच म्हणते. नम्रपणे वागून कागद ताणला जात नाही. एखाद्या भल्या घरच्या, पडतं घेणाऱ्या बाईने मढवलेला पंख मला कुणी दाखवावा, मी त्यातल्या सुरकुत्या मोजून देईन.

कागद आमच्या घरात आधीपासून होता. बाबा पुस्तकं बांधायचे. घरभर खळीचा वास, दाराआड तावांच्या गुंडाळ्या, आणि जेवायला बसायचं तर आधी पुठ्ठे उचलायचे. विमानांचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, काड्यांचा सांगाडा, त्यावर मुंग्यांनाही जड वाटणार नाही असा पातळ कागद, पोटात पिळलेलं रबर, नाकाशी त्याने फिरणारा पंखा. ना दोरी, ना रिमोट. हातातून सुटलं की सुटलं, मग खाली उभं राहून नुसतं बघायचं. "शहाणपण काय ते टेबलावर करा," बाबा म्हणायचे, "आकाशात गेल्यावर ते तुमचं ऐकणार नाही." दादाला त्यांनी सांगाडा बांधायला शिकवलं आणि मला मढवायला. कारण काय, तर मुलींचे हात हलके असतात. याच हलक्या हातांनी मी पुढे पायाला प्लास्टर घातलेले, माझ्या दुप्पट वजनाचे बाप्ये टेबलावर कुशीवर वळवले, पण ते असो. कागद एका बाजूने सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. सरळ फाटतो ती त्याची दिशा, आणि ती पंखाच्या लांबीला ठेवायची, हे मला अक्षरं गिरवायच्या आधी कळत होतं. फासळ्यांना बोटाने खळ लावायची, कागद ठेवायचा, मधून कडांकडे सारत न्यायचा, मग पाण्याचा तुषार मारायचा. ओला कागद आधी लोंबतो, मेलेल्या कातडीसारखा. बघवत नाही. मग वाळता वाळता तो आपणहून ताठ होतो आणि टिचकी मारली की वाजतो. तो वाजला की बाबा शेजारच्या खोलीतून म्हणायचे, "झालं वाटतं." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच, आणि मी त्यावर अजून जगते आहे.

रंग मात्र आमच्याकडे वर्ज्य होता. रंग म्हणजे वजन, हे बाबांचं वाक्य. ते गेल्यावर दादाने ते भिंतीवर खिळा ठोकावा तसं डोक्यात ठोकून घेतलं. दादाची सगळी विमानं पांढरी. दरवर्षी एकदा सगळे आपापली विमानं घेऊन मैदानावर जमतात, कुणाचं किती वेळ वर राहतं ते बघायला. तिथे दादाचं पांढरं विमान म्हणजे विमान, बाकीच्यांची ती पाखरं. आणि त्या पांढऱ्यावर एक सुरकुती नसायची ती माझ्यामुळे, हे दादाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिसऱ्याला सांगायची गरज दोघांनाही कधी वाटली नव्हती. मला वाटली नव्हती असं मी इतकी वर्षं समजत होते, असं म्हणायला हवं. रबराला पीळ द्यायला दोन माणसं लागतात. एकाने विमान धरून उभं राहायचं. दुसऱ्याने रबर नाकातून बाहेर ओढत लांब जायचं आणि पीळ देत देत जवळ यायचं. पीळ देणाऱ्याचं विमान. धरणारा नुसता धरणारा, रबर तुटलं तर फटका मात्र त्याच्या बोटांना. मी इतकी वर्षं धरलं. माझ्या तर्जनीवर एक पांढरा वण आहे. हॉस्पिटलात कुणी विचारलं तर मी सुरीचा म्हणून सांगते.

टेबलावर पंखाला भोक होतं, चण्याएवढं, टोकाकडच्या शेवटच्या चौकटीला लागून. शहाण्या माणसाने नखाएवढा तुकडा कापला असता, खळीने डकवला असता आणि बस पकडली असती. पण लालवर लाल आलं की उजेडात तिथे काळसर डाग दिसतो. ठिगळ ते ठिगळच. मी ब्लेड घेतलं आणि पंखाच्या टोकाचा सगळा कागद सोलून काढला, फासळ्या उघड्या पडेपर्यंत. हा शुद्ध माज होता आणि तो करताना मला आनंद होत होता. रंगवायचं म्हणजे वरून रंग फासायचा नाही, एवढं मी बाबांचं ऐकलं होतं. डाळिंबी कागदात चौकट कापायची आणि तेवढ्याच मापाचा पांढरा कागद त्यात बसवायचा, केसाएवढी कड फक्त एकमेकांवर. टोकांना काळा कागद, मधे डाळिंबी, आणि त्यातून जाणारी पांढऱ्या चौकटींची ओळ. सगळ्या चौकटी बाबांच्या गुंडाळीतल्या शेवटच्या तावातून कापलेल्या. दादाच्या एका जुन्या पांढऱ्या पंखाशी मी हा पंख तराजूत घालून पाहिला होता. काटा हलला नव्हता. तावाची एक पट्टी उरली होती, तीतून मी नवी चौकट कापली. पट्टी संपली. आता बाबांचा कागद जगात कुठे उरला असेल तर तो या पंखावर होता, आणि हा पंख मी दुपारी आकाशात सोडून देणार होते.

आणि हे सगळं मी निव्वळ मिरवायला केलं असं दादाला वाटत होतं. वाटू दे. मागच्या वर्षी मैदानावर त्याचं विमान झेपावलं, आम्ही सगळे माना वर करून बघत होतो, आणि दादा माझ्या शेजारी उभा राहून कपाळाला हाताची पन्हळ करून म्हणाला, "वा, काय सुंदर वळलं!" विमान तेव्हा त्याच्या पाठीमागे, कुंपणापलीकडच्या काटेरी झुडपात पडलेलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रिकाम्या आकाशाकडे बघून तो हसत होता, अगदी खऱ्यासारखा. मी म्हटलं, "हो ना." दुसरं काय म्हणणार होते? नंतर वहिनीला गाठलं. ती म्हणाली, "डोळ्यांचं काढू नकोस बाई, ताटावरून उठतात. डॉक्टरांनी सांगितलंय, आहे तेवढं टिकवायचं, सुधारायचं नाही. पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही त्यांना. दुधाचा पेला पांढऱ्या ओट्यावर ठेवला की चाचपडतात." यंदा माझं विमान नाही, कंटाळा आला, असं दादाने जाहीर केलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळ्या रंगांचे कागद पाणी मारून त्यांच्या गच्चीवर वाळत घातले, आमच्याकडे ऊन येत नाही अशी थाप मारून. मग जिन्यातून हाक मारली, "दादा, त्यातला एखादा काढून दे रे, कुठलाही." तो दोरीशी गेला. पिवळ्यातून त्याचा हात असा गेला की तिथे काही नव्हतंच. आकाशी तर तोंडाला लागला तेव्हा त्याला कळला. डाळिंबी मात्र त्याने सरळ जाऊन धरला, आणि त्याच्या मागचा काळा. मी जिन्यातच उभी होते, एखाद्या फिल्मकडे बघावं तशी बघत. फिल्म स्वच्छ होती.

सांगितलं असतं तर त्याने ते विमान पायाखाली घातलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्या घराण्यात तर सुंभ नसला तरी पीळ असतो. म्हणून फोनवर फक्त एवढंच म्हणाले, की यंदा मी आणतेय, रंगीत आहे, तू धरशील का? "रंगीत?" दादा ओरडला. "सर्कस काढलीयस का? बाबा असते तर—" "बाबा नाहीत," मी म्हटलं. "धरशील का ते सांग." दादा म्हणाला, "मी कधी धरलंय का कुणाचं?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला झोप म्हणून नीट नव्हती. दुसरा कुणीही धरणारा मिळाला असता, मैदानावर हात काय कमी आहेत? पण मला दुसरा नको होता. मी त्याचं धरलं होतं, त्याने माझं धरावं. आणि सुटल्यावर त्याला ते दिसावं. या दोन गोष्टींसाठी मी एका बोटाएवढ्या भोकापायी पंखाचं अख्खं टोक उघडं करून बसले होते आणि बस निघून जात होती.

तिथेच चूक झाली. पाणी मारल्यावर पंख फळीवर टाचण्यांनी ठोकून ठेवायचा असतो, वाळेपर्यंत. नाहीतर आक्रसणारा कागद फासळ्यांना ओढतो आणि पंख मुरडतो. हे मी शाळेतल्या पोरींनाही शिकवलं असतं. आणि मी काय केलं, तर पंख खिडकीत उन्हाला धरला, वरून डोपचा, म्हणजे कागद ताठ करणाऱ्या लाखेचा, हात फिरवला, फुंकर मारली आणि निघाले. बसमधे खोकं मांडीवर होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "केक आहे का?" मी हो म्हटलं. शेवटच्या थांब्यावर उतरून गवतात खोकं उघडलं, पंख बसवला, मागून एक डोळा मिटून पाहिलं. उजव्या पंखाची मागची कड टोकाकडे खाली गेली होती. फार नाही, पण होती. ठिगळ नको म्हणून मी पंख वाकडा करून आणला होता. काकूंच्या बोटाने जे केलं नसतं ते माझ्या माजाने केलं होतं. तरीही, आता लिहितानाही सांगते, उन्हात तो पंख पेटल्यासारखा दिसत होता, एकसंध, कुठे डाग नाही, आणि मला त्याची लाज वाटेना.

मैदान म्हणजे नुसता माळ. पलीकडच्या टोकाला माणसं, घडीच्या खुर्च्या, आणि एका खुर्चीत दादा, पांढरा सदरा घातलेला. विमान हातांवर घेऊन मी चालू लागले. दादाला हल्ली माणूस लांबून कळत नाही. जवळ जाऊन आवाज द्यावा लागतो, मग तो आपल्याला आधीच दिसलं होतं असं करतो. मी आवाज द्यायला तोंड उघडणार, तोच तो खुर्चीतून उठला आणि हात वर केला. अर्धा माळ अजून आमच्या मधे होता. माझ्या मागे कुणी आहे का म्हणून मी वळून पाहिलं. मागे बसथांबा होता, रिकामा. मी जवळ गेले तेव्हा तो माझ्याकडे नाही, विमानाकडे बघत होता. मान थोडी तिरकी, हल्ली बघतो तशी. "उशीर केलास," तो म्हणाला. "आण इकडे."

त्याने विमान हातात घेतलं. आधी टिचकी मारली. पंख वाजला. दादाच्या भुवया वर गेल्या. मग डोळे मिटून त्याने अंगठा मागच्या कडेवरून फिरवत नेला, डावीकडून मधे, मधून उजवीकडे, आणि टोकाशी येऊन थांबला. मला वाटलं, श्वास धरा. "मुरडलाय," दादा म्हणाला. "ठोकून नाही ठेवलास. घाई केलीस." "हो." "तू घाई केलीस?" यात खरंच आश्चर्य होतं, आणि तो मला मिळालेला दुसरा मान होता. "गरम फुंकर मार आणि पंख उलटा पीळ, निघेल मुरड," दादा म्हणाला. बरोबरच होतं. बाबांनी तेच सांगितलं असतं. मी पंखाशी तोंड नेलं आणि थांबले. माझं विमान उजवीकडे घिरट्या घेत चढणार होतं. तशा घिरटीत आतला पंख दबतो आणि विमान गिरकी खाऊन आपटतं. आमची कितीतरी पांढरी विमानं अशीच गेली होती. दादाला पंख कायम सपाट हवा असायचा, पट्टीने आखल्यासारखा. आणि हा मुरडलेला उजवा पंख आतल्या बाजूला जरा जास्त उचलणार होता. चूक माझीच होती, पण ती योग्य बाजूला पडली होती. "राहू दे," मी म्हटलं. "पडेल." "नाही पडणार." "बाबा म्हणायचे—" "दादा, विमान माझं आहे." हे मी मोठ्याने म्हटलं. दोन-चार माना वळल्या. विमान दादाच्याच हातात होतं. मग त्याने पाय फाकवले, एक हात पोटाखाली घातला, दुसऱ्याने शेपटीकडची काडी धरली, आणि नाक माझ्याकडे केलं. "दे मग पीळ," तो म्हणाला. "आणि तुटू देऊ नकोस, मला बोटं हवी आहेत."

मी रबर ओढत मागे गेले. इतक्या वर्षांत या बाजूला मी कधी उभी राहिले नव्हते. इथून धरणारा दिसतो. पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा माणूस, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्याच्या छातीशी माझे डाळिंबी पंख. प्रत्येक पिळाला रबर माझ्या हातात थरथरत होतं, तसं ते त्याच्याही हातात थरथरत असणार, आणि तो हलत नव्हता. चांगला धरतो, मला वाटलं. धरायला लागणारी छाती काय असते ते त्याला आज कळत असेल. मी पीळ देत देत जवळ आले, पंखा अडकवला आणि विमान त्याच्या हातातून माझ्या हातात घेतलं. "श्वास धर," मी म्हटलं. "मी काय पेशंट आहे का तुझा?" दादा म्हणाला, पण त्याने धरला. मी विमान वाऱ्यावर सोडलं.

ते सरळ चढलं, मग उजवीकडे कललं, फार कललं, आणि मला वाटलं गेलं, बाबांचा ताव गेला, सगळं गेलं. आतला पंख दबता दबता थांबला. कुणी काखेत हात घालून उठवावं तसं ते सावरलं आणि मोठी गोल घिरटी घेत वर जाऊ लागलं. ऊन पंखांतून आरपार येत होतं, फासळ्या एकेक मोजाव्यात अशा दिसत होत्या, चौकटींची ओळ त्यांच्यातून फिरत होती. मागे घड्याळ धरणारे गृहस्थ उभे होते, ज्यांना सगळे स्टॉपवॉचच म्हणतात. ते म्हणाले, "दादा, यंदा बहार केलीत हो! तुमचंच ना?" दादाने मान खाली केली नाही. त्याचं बोट वर होतं, आणि ते विमानाबरोबर फिरत होतं, घिरटीबरोबर घिरटी, कुठेही न चुकता. "माझं?" तो म्हणाला. "दिसत नाही का तुम्हाला? माझी विमानं पांढरी असतात. हे हिचं आहे. बांधलेलंही, मढवलेलंही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सावरलं बघ. त्या मुरडलेल्या पंखानेच सावरलं. आता वारं लागलं त्याला. चाललं वर."

मी वर पाहिलं आणि मला काही दिसेना. डोळे भरून आले होते, सगळं आकाश ओलं झालं होतं. "कुठे आहे रे?" मी विचारलं. "डोळे आहेत की भोकं? ते काय, ढगाच्या कडेला." मला तरी दिसेना. तेव्हा दादाने माझं मनगट पकडलं, वण असलेलं ते बोट सरळ केलं आणि आकाशात नेमकं तिथे नेलं. एक डाळिंबी ठिपका होता. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, तो ठिपका बारीक होईपर्यंत. मग दादा हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "गच्चीवरचाच ना हा कागद?"

"तोच."

"हं," दादा म्हणाला. माझं मनगट त्याने सोडलं नव्हतं. "मग रंग मी निवडला होता, हेही सांग लोकांना."

"सांगेन," मी म्हटलं.